यादीतली अकरावी ओळ

ताडकळसच्या अलीकडे तीन कोसांवर निळेवाडी नावाचे गाव आहे. तेथील पौळांच्या घरी वर्ष कसे गेले हे पावसावरून ठरवीत नाहीत, पिकावरूनही ठरवीत नाहीत; येळवशीला शेतात किती माणसे जेवली, यावरून ठरवितात. पंचांगात जिला वेळा अमावास्या म्हणतात, त्या मार्गशीर्षातल्या अमावास्येला उभ्या ज्वारीत कडब्याची खोप घालावी, चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडावेत, नव्या मडक्यात आंबील भरावी, आणि मग बांधावरून जो कोणी जाईल त्याला हाक मारावी, असा तेथला परिपाठ. तो माणूस ओळखीचा असो, अनोळखी असो, कज्ज्यातला असो. हाक न मारणे हा दोष, आणि हाक ऐकून न थांबणे हा त्याहून मोठा दोष. अतिथीला तिथी नसते, असे जाणती मंडळी सांगतात. पौळांच्या अतिथीला मात्र तिथी होती, आणि ती वर्षातून एकदा न चुकता येत असे.

मोजदादीचे काम घरातल्या ज्येष्ठ, तानुबाई यांच्याकडे होते. त्यांचे वय आता चौऱ्याऐंशी. अक्षरओळख नाही, पण गेल्या साठ वर्षांतल्या प्रत्येक येळवशीची संख्या त्यांना तोंडपाठ. दुष्काळातली नऊ, पुराच्या सालची चाळीस, धाकटी लेक सासरी गेली त्या सालची सत्तावीस. या मालिकेत एकच संख्या त्यांना पटत नसे. ती त्यांच्या मुलाच्या अखेरच्या येळवशीची होती, आणि ती एकोणीस होती.

"दोन पायल्या जवारी नेली व्हती माझ्या मुंजानं," त्या दरवर्षी म्हणत. "दोन पायल्या जवारी एकोनीस मान्सांत सरत न्हाई. चार मान्सांचं पीठ उरतंय. कुटं गेलं ते?"

हा प्रश्न त्या सुनेला विचारीत. सून, रेणुकाबाई, भाकरी थापीत असल्या तर थापीत राहत, आणि ताडकळसच्या कचेरीत निघाल्या असल्या तर निघून जात. सोळा वर्षे या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. उत्तर मात्र घरातच होते. रेणुकाबाईंच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, तळाशी, एका आंतर्देशीय पत्रात ते घडी घालून ठेवलेले होते.

मुंजाजी पौळ गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. तेथे बदली होऊन जाणारे बहुतेक लोक पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीचा अर्ज लिहीत. मुंजाजींनी बारा वर्षांत एकही अर्ज लिहिला नाही. त्यांचा मुलांच्या अक्षरावर फार भर असे. तेथल्या माडिया आदिवासी मुलांच्या हातून त्यांनी असे अक्षर घडविले होते की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना वह्या छापल्याचा संशय येई. दिवाळीला ते गावी येत, जाताना घरची ज्वारी बरोबर नेत, आणि येळवशीला शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली पाच दगड मांडून, बैलगाडीच्या वाटेवर उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारीत. तेथल्या लोकांना प्रथम हे चमत्कारिक वाटले. पुढे ते त्या दिवशी मुद्दाम त्याच वाटेने जाऊ लागले.

एकच अडचण होती. आंबिलीला ताक लागते, आणि त्या मुलखात गाईचे दूध वासराचे मानतात. कोणी काढीत नाही. ताक मिळण्याचे ठिकाण दहा कोसांत एकच होते, पोलिसांचे ठाणे. तेथे बालाजी नावाचा गंगाखेडकडचा, म्हणजे मुंजाजींच्याच मुलखातला, एक शिपाई होता. त्याने घरच्या आठवणीपायी एक गाय पाळली होती. त्यामुळे येळवशीच्या आधीच्या आठवड्यात मुंजाजी तीनदा ठाण्यावर गेले. एकदा सांगायला, एकदा विरजण लागले का पाहायला आणि एकदा ताक आणायला.

आता ज्यांचे या वाटेवर बारीक लक्ष होते, त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्यांचा एक पक्ष होता. गरिबांचे राज्य आणणे हे त्याचे ध्येय. राज्य येईपर्यंतची तयारी म्हणून त्यांनी दोन शाळा सुरुंगाने उडविल्या होत्या, कारण त्यांत पोलीस मुक्कामाला राहू शकले असते. आणि घरटी एक मूल पक्षाला द्यावे, असे गावोगाव कळविले होते. रैनू पुंगाटी हा मुंजाजींचा विद्यार्थी. तो चौदा वर्षांचा असताना त्याच्या घरी असा निरोप आला. घरात दोन मुले होती, त्यामुळे आईला निवड करण्याची सोय होती. आईने निवड केली नाही, म्हणून ती त्यांनीच केली, आणि ज्याचे अक्षर चांगले होते त्याला नेले. पक्षाला पत्रके लिहिण्यासाठी माणूस हवाच होता.

येळवशीनंतर बाराव्या दिवशी पक्षाने मुंजाजींना शाळेतून उचलले आणि दुसऱ्या गावात लोकांची अदालत भरविली. आरोप असा होता की शिक्षक पोलिसांचा खबऱ्या आहे. पुरावे दोन होते. पहिला, आठवड्यात तीन वेळा ठाण्यावर गेला. दुसरा, त्याच्या वहीत माणसांची यादी सापडली, आणि तीत पोलिसांची नावे आहेत. यादी वाचून दाखविण्यात आली. लोकांना विचारण्यात आले. लोक गप्प बसले, आणि गप्प बसणे म्हणजे संमती असे ठरले. एवढ्या कामाला पाऊण तास लागला. सकाळी मुंजाजी वाटेवर मिळाले. छातीवर दगडाखाली एक पत्रक होते, आणि त्यावर लाल शाईत, अतिशय सुरेख अक्षरात लिहिले होते की पोलिसांना माहिती देणाऱ्यांचा असाच अंत होईल.

निळेवाडीत तेराव्याच्या दिवशी ओसरी भरलेली होती. जबाब घ्यायला आलेले दोन पोलीस होते, तालुक्याचे एक पुढारी होते, गावकरी होते. टपालवाला आला तो त्याच गर्दीत. त्याच्या हातात मुंजाजींचे पत्र होते. त्यांच्या मरणानंतर आठ दिवसांनी जंगलातून सुटलेले. येळवशीला कोण कोण जेवले हे ते दरवर्षी आईला सविस्तर कळवीत, ते तेच पत्र.

"वाच," तानुबाई म्हणाल्या.

रेणुकाबाई वाचू लागल्या. वरती, नेलेल्या दोन्ही पायल्या ज्वारी सरल्याचे लिहिले होते; खाली यादी. शाळेचा स्वयंपाकी आणि त्याची बायको. गावचा पाटील. वनरक्षक. काठी टेकीत आलेली एक म्हातारी. बाजाराला चाललेल्या तिघी. सायकलवरचा मीठविक्या. आरोग्यसेविका. बांबू तोडणारे दोघे. शिपाई बालाजी आणि त्याच्याबरोबरचे चार जवान. वाट चुकलेला एक. इथवर दहा ओळी झाल्या. अकरावी ओळ डोळ्यांपुढे आली आणि रेणुकाबाईंची जीभ थांबली. ती ओळ अशी होती : 'दिवस मावळताना जंगलातले चौघे, त्यांत आपला एक जुना विद्यार्थी, आंबील दोनदा मागितली.'

समोर पोलीस बसले होते. शेजारचे पुढारी नुकतेच सांगत होते की सरकारची मदत आणि नोकरी यांचे कागद आठवड्यात हलतील, फक्त माणूस त्या लोकांना सामील नव्हता एवढे स्पष्ट असले पाहिजे. रेणुकाबाईंनी सरळ बारावी ओळ वाचली, "शेवटी मी." खाली मुंजाजींनी एकूण तेवीस असे लिहिले होते. त्यांनी एकोणीस असे वाचले.

तानुबाईंनी त्याही दु:खात बोटे मोजली आणि म्हणाल्या, "एकोनीस? मंग दोन पायल्या कशा सरल्या?"

कागद हलले. रेणुकाबाईंना अनुकंपेवर कारकुनाची नोकरी लागली. आणि मग एक अशी गोष्ट घडली जिची त्यांनी कल्पना केली नव्हती. दरवर्षी सव्वीस जानेवारीला निळेवाडीच्या शाळेत मुंजाजींच्या तसबिरीला हार घालण्यात येऊ लागला, आणि प्रत्येक वक्ता सांगू लागला की पौळ गुरुजींनी जिवावर उदार होऊन पोलिसांना गुप्त माहिती पुरविली. मारणाऱ्यांनी पत्रकात जे लिहिले होते, तेच आता मान देणारे बोलत होते. फरक एवढाच की तेथे दगड छातीवर होता आणि येथे हार गळ्यात होता. दोन शत्रुपक्षांचे एका माणसाविषयी इतके एकमत सहसा पाहायला मिळत नाही. मुंजाजींनी आयुष्यात कोणाची खबर कोणाला दिली नव्हती. शेजारच्या घरात भांडण झाले तरी ते घरी येऊन सांगत नसत. हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती त्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या ऐकत असे, आणि तिच्याजवळ पुरावा असून तिला तोंड उघडता येत नसे.

यंदा कार्तिकात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या.

पहिली घेऊन आले सरपंच योगीराज. हे मुंजाजींचे चुलत भाऊ. मनाने चांगले, कामाला उत्साही.

"वहिनी, गावाच्या शिवंवर कमान बांधायलोत दादाच्या नावाची," ते म्हणाले. "काळा दगड मानवतच्या कारागिराकडं टाकलाय. मजकूर तयार हाय. घरच्यांची सही लागती, तेवढी करून द्या."

मजकूर असा होता : 'पोलीस दलास गुप्त माहिती पुरवून वीरगती पावलेले शूर शिक्षक कै. मुंजाजी पौळ.'

"हे दगडात कोरणार?" रेणुकाबाईंनी विचारले.

"मंग काय खडूनं लिवायचं का?"

"येळवशीपर्यंत थांबा. त्या दिवशी शेतात या, तिथे काय ते सांगते."

दुसरी गोष्ट टपालाने आली. पाकिटावरचे अक्षर पाहताच रेणुकाबाईंनी ट्रंक उघडली. वर्तमानपत्रात छापलेल्या त्या पत्रकाच्या फोटोचे कात्रण तिच्यात मुंजाजींच्या पत्राशेजारीच होते, आणि हे अक्षर तेच होते. आत लिहिले होते :

'महोदया, मी रैनू पुंगाटी. पौळ गुरुजींचा विद्यार्थी. पक्षात एकोणीस वर्षे होतो. तीन वर्षांपूर्वी शस्त्र खाली ठेवले, आता गवंडीकाम करतो. आमच्याकडे चूक झाली की सर्वांसमोर उभे राहून आत्मटीका करण्याची पद्धत होती. पुष्कळ चुकांची केली. भात करपला त्याची केली, पहाऱ्यावर डुलकी लागली त्याची केली. एका चुकीची करायची राहिली आहे. ती तुमच्यासमोर करणे योग्य होईल. परवानगी असल्यास येतो. आपला पत्ता गुरुजींच्या वहीच्या पहिल्या पानावर होता. तेथे लिहिले होते की वही हरवल्यास कृपया या पत्त्यावर पाठवावी. वही जाळण्याचा हुकूम होता, म्हणून पाठवता आली नाही.'

रेणुकाबाईंनी ते पत्र तीन दिवस कोणाला दाखविले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्डावर एक ओळ लिहून पाठविली : 'मार्गशीर्ष अमावास्येला या. शेतात असू.'

येळवशीच्या सकाळी शेतात ज्वारी डोक्याएवढी उभी होती. खोप घातली होती, पांडव मांडले होते, शिवाराच्या चारी कडांना आंबील शिंपडून झाली होती. पालेभाज्या आणि शेंगादाण्यांच्या भज्जीचे पातेले, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, सगळे खोपीत रांगेने होते. तानुबाई बांधावर कांबळे टाकून, वाटेकडे तोंड करून बसल्या होत्या. अकरा वाजेपर्यंत त्यांच्या बोटांवर चौदा झाले होते. योगीराज ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांना घेऊन आले तेव्हा सतरा झाले.

पाऊण तासाने वाटेवर एक माणूस दिसला. वय पस्तीस-छत्तीस, अंगाने काटक, डाव्या पायात किंचित लंगडणारा, हातात कापडी पिशवी. गडचिरोलीहून नागपूर, नागपूरहून नांदेड, नांदेडहून पूर्णा आणि पुढे जीपने तो आला होता. बांधाशी येऊन तो थांबला. पाऊल पुढे टाकीना.

"ये की रं, जेवायला ये," तानुबाईंनी रिवाजाप्रमाणे हाक मारली. "कुनाकडचा तू?"

"आजी, मी पौळ गुरुजींचा विद्यार्थी."

"माझ्या मुंजाचा?" तानुबाई हात टेकून उठायला लागल्या. "अगं रेणुका, मुंजाचा पोरगा आलाय बघ जंगलातला. आंबील दे त्याला आधी."

रेणुकाबाई आंबिलीचा पेला घेऊन आल्या. त्या माणसाने दोन्ही हात मागे घेतले.

"बाई, आधी काम. नंतर आपण सांगाल तसं."

"कसलं काम?" योगीराजांनी विचारले. "ह्ये पावनं कोन वहिनी?"

"ज्याने ते पत्रक लिहिले, तो," रेणुकाबाई म्हणाल्या.

योगीराज उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. "पोलिसाला फोन लावतो," ते म्हणाले.

"त्यांना ठाऊक आहे," रैनू म्हणाला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "तीन दिवसांची परवानगी आहे. कारण या रकान्यात त्यांनी धार्मिक कार्य असे लिहिले आहे."

योगीराजांनी कागद उलटासुलटा पाहिला. शिक्का खरा होता. त्यांनी तो घडी घालून परत दिला.

"उभा राहून वाचू की बसून?" रैनूने रेणुकाबाईंना विचारले.

"तुमच्यात कसे करतात?"

"उभे राहून."

"मग उभे राहा."

त्याने पिशवीतून एक फुलस्केप काढला आणि शाळेत धडा वाचतात तशा सपाट आवाजात वाचू लागला.

"माझी चूक. अदालतीत गुरुजींची वही वाचण्याचे काम माझ्याकडे होते, कारण वाचता येणारा मीच होतो. वहीत येळवशीला जेवलेल्या माणसांची यादी होती. ती मी लोकांसमोर वाचली. एक, शाळेचा स्वयंपाकी व त्याची बायको. दोन, गावचा पाटील." तो थांबला नाही. तीन, चार, पाच. मीठविक्या आला, आरोग्यसेविका आली. सोळा वर्षांनी त्याला यादी पाठ होती. "नऊ, शिपाई बालाजी व चार जवान. दहा, वाट चुकलेला एक. बारा, शेवटी मी." त्याने कागद खाली केला. "अकरावी ओळ मी वाचली नाही."

रेणुकाबाईंचा हात पदराखालच्या मुंजाजींच्या पत्रावर होता. तो तेथेच राहिला.

"अकराव्या ओळीत आम्ही होतो," रैनू म्हणाला. आता तो कागदाबाहेरचे बोलत होता. "ज्याने पोलिसांना जेवू घातले त्यानेच आम्हाला जेवू घातले, हे लोकांना कळले असते तर आरोप टिकत नव्हता. आणि आम्ही चौघे खबऱ्याच्या हातचे जेवलो म्हणून आमचीच चौकशी लागली असती. ज्यांनी आरोप ठेवला त्यांतले दोघे त्या चौघांतले होते. त्यांनी मला सांगितले नव्हते की ओळ गाळ. मीच गाळली."

"आणि गुरुजी?" रेणुकाबाईंनी विचारले. "ते काही बोलले नाहीत?"

"बोलले. हात बांधलेले होते. वर्गात म्हणायचे तसेच म्हणाले, रैनू, एक ओळ राहिली. मी म्हणालो, राहिली नाही." तो क्षणभर पिशवीचा बंद नीट करीत राहिला. "ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा म्हणाले असते तर सकाळी त्या वाटेवर मीही पडलेला असतो. ते पुन्हा म्हणाले नाहीत. रात्रीतून पत्रक लिहायला मलाच सांगितले. मी लिहिले. चांगल्या अक्षरात लिहिले. तेवढेच येत होते. आत्मटीका संपली."

यानंतर त्यांच्या रीतीप्रमाणे इतरांनी टीका करायची असते. तो ती ऐकण्यासाठी हात जोडून उभा राहिला.

रेणुकाबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराखालून पत्र काढले, घडी उघडली आणि सासूच्या समोर जमिनीवर बसल्या.

"आत्याबाई, ती ओळ मीही गाळली," त्या म्हणाल्या. "तेराव्याच्या दिवशी. पोलीस बसले होते, नोकरीचा कागद अडला असता. ऐका आता." आणि त्यांनी वाचले : "दिवस मावळताना जंगलातले चौघे, त्यांत आपला एक जुना विद्यार्थी, आंबील दोनदा मागितली. शेवटी मी. एकूण तेवीस."

तानुबाईंनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

"तेवीस," त्या म्हणाल्या. "मी म्हनत न्हवते? चार मान्सांचं पीठ. सोळा वर्सं म्हनायलेय मी. कुनी ऐकलं का माझं?"

"न्हाई मोठी आई," योगीराज म्हणाले, कारण उत्तर देणे भाग होते. मग ते रेणुकाबाईंकडे वळले, आणि आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू येईल असे बोलले. "वहिनी, झालं ते झालं. पर ह्ये शेताबाहीर जाऊ देऊ नका. दादानं नक्षल्यांना जेवू घातलं असं कळलं तर कमान कशाची बांधायची? मोठे सायेब येनार हायेत उद्घाटनाला. शूर मानूस म्हनून येनार हायेत."

"ते शूर नव्हते का?"

"होते की! पर दगडावर काय लिवायचं मंग? सगळ्यांना जेवू घातलं असं? त्यात शौर्य कुटंय?"

"पोलिसांना दुपारी आणि बंदूकवाल्यांना संध्याकाळी, एकाच मडक्यातून," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुम्ही करून बघा योगीराज. मग सांगा."

योगीराजांनी सदस्यांकडे पाहिले. सदस्य उंडे खात होते.

"माझी सही तुमच्या मजकुराला नाही," रेणुकाबाई पुढे म्हणाल्या. "दगडावर लिहायचे असेल तर असे लिहा : मुंजाजी पौळ, शिक्षक. यांनी कोणाची खबर कोणाला दिली नाही. खाली एकूण तेवीस लिहा. साहेबांनी विचारले तर हे पत्र मी स्वत: वाचून दाखवीन, अकराव्या ओळीसकट. माझी नोकरी गेली तर जाईल. सोळा वर्षे खाल्ली, आणखी किती खाऊ."

"तेवीस म्हंजे काय, कुनाला कळनार न्हाई."

"विचारतील. विचारले की सांगायचे."

तानुबाई इतका वेळ रैनूकडे पाहत होत्या. त्यांची नजर म्हातारपणाने धूसर झालेली असली तरी माणूस ओळखण्यापुरती शाबूत होती.

"आंबील दोनदा मागितलीस ती तूच का?"

"हो आजी."

"गोड लागली व्हती?"

"हो."

"अन् बाराव्या दिशी त्याला खबऱ्या म्हनलास."

"हो."

"मारलं कुनी?"

"दोघांनी. एक पुढे चकमकीत गेला. एक आजारात गेला. मी हात लावला नव्हता, पण मी तिथे होतो."

ज्वारीवरून वारा गेला आणि खोपीचा कडबा वाजला. सदस्यांचे खाणे थांबले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "जेव."

"आजी, मी जेवायला आलो नाही. मला नको—"

"तुला पायजे म्हनून न्हाई म्हनायले मी." म्हातारीचा आवाज चढला नाही. "माफी मागायला आला असशील तर माझ्यापाशी न्हाई ती. माझा ल्योक तुमी मारला, त्याची माफी मी कोन देनार? पर येळवशीला शेतात आलेला मानूस न जेवता गेला की मोजनीतून सुटतो. तू एकदा सुटलास. आता सुटू देनार न्हाई मी तुला. बस खाली."

रैनू बसला. रेणुकाबाईंनी तोच पेला पुन्हा पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी धरला आणि आंबील पिऊन टाकली. दुसऱ्यांदा त्याने मागितली नाही. तानुबाईंनी न विचारता वाढायला सांगितली.

जेवणे उरकेपर्यंत उन्हे कलली. आणखी काही वाटसरू आले, जेवले, गेले. योगीराज गेले नाहीत. ते बांधावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. शेवटी त्यांनी विचारले, "वहिनी, 'खबर' का 'माहिती'? कारागीर विचारायलाय." रेणुकाबाई म्हणाल्या, खबर.

मग यादी करायची वेळ झाली. मुंजाजी गेल्यापासून निळेवाडीची यादी कागदावर उतरत नसे. ती तानुबाईंच्या बोटांवरच राही. त्या दिवशी तानुबाईंनी सुनेला वही आणायला सांगितली.

"ह्याच्याकडं दे," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं हाय न्हवं ह्याचं? माझ्या मुंजानं शिकिवलेलं. लिवू दे ह्यालाच."

रैनूने वही मांडीवर घेतली. तानुबाई सांगू लागल्या आणि तो लिहू लागला. अक्षर तसेच, वर रेघेला सरळ टांगलेले. पहाटे आलेले आश्रुबा आणि त्याची बायको. विहिरीवरचे तिघे. शाळेतल्या बाई. ऊसतोडीला निघालेले कुटुंब, आठ माणसे. सरपंच योगीराज व दोन सदस्य. तानुबाईंची बोटे पुढे सरकत होती आणि लेखणी मागोमाग येत होती.

मग म्हातारीचे बोलणे थांबले. रैनूनेही लेखणी उचलली. तो वहीकडे पाहत राहिला. रेणुकाबाई त्याच्या खांद्यामागे उभ्या होत्या. ओळ कोरी होती, हे त्यांना दिसत होते.

"एक ओळ राहिली," त्या म्हणाल्या.

रैनूने लेखणी टेकविली आणि नाव लिहिले. आधी स्वत:चे, मग बापाचे, मग आडनाव, मग गाव. पुढे थोडी जागा होती. तेथे त्याने विचारून घेतले नाही, आपणच लिहिले : आंबील दोनदा.

"किती झाली?" तानुबाईंनी विचारले. रैनूने वरून, एकही ओळ न गाळता, मोजायला सुरुवात केली.